न आलेल्या दिवसांच्या सह्या

रुचिता मेश्राम सातवीत माझी विद्यार्थिनी होती. रेल्वेत फिटर असलेल्या दयाराम मेश्रामांची ती मधली मुलगी. उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करायची, कोपर बाकावर टेकवून. कोणाला नाही म्हणणं तिला तेव्हाही जमत नसे. पुढे ती फिजिओथेरपिस्ट झाली, समता कॉलनीतल्या एका क्लिनिकमध्ये लागली आणि आमच्या ओळखीतल्या सगळ्या दुखऱ्या कमरा तिच्याकडे जाऊ लागल्या. माझा धरलेला खांदाही तिनंच सोडवला. तिचे हात फार चांगले आहेत. दुखणं कुठे आहे ते आपण सांगायच्या आत तिच्या बोटांना कळतं.

क्लिनिकमध्ये प्रत्येक पेशंटचं एक कार्ड असे. एकेका दिवसाच्या उपचाराला एकेक चौकट. त्यात पेशंटची सही, शेजारी रुचिताची. ते कार्ड विमा कंपनीकडे जाई आणि जितक्या सह्या तितक्या दिवसांचे पैसे क्लिनिकला मिळत. आमच्या लोकांची एक खोड अशी, की पाच-सहा दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या चौकटी आम्ही एकदमच भरून टाकायचो. दर वेळी कोणी सह्या मागितल्या म्हणून नव्हे. "आपल्या पोट्टीचं कार्ड अधुरं काहून ठेवता?" असं एकमेकांना बजावायचो आणि वर चिवड्याचा डबाही द्यायचो. मी सहा दिवस गेले आणि दहा सह्या केल्या. छत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेली बाई मी. पेन उचलताना मला काहीसुद्धा वाटलं नाही.

क्लिनिकचा मॅनेजर सुशील, त्याला हे सोयीचंच होतं. "दीदी, कार्ड पूरा होना चाहिए, बस," एवढंच तो म्हणे. पहिल्या वेळी न आलेल्या दिवसाची तारीख टाकताना तिनं कॅलेंडर दोनदा पाहिलं होतं, असं रुचितानं मला नंतर सांगितलं. मग पाहेनाशी झाली.

कलावतीबाई रेल्वे कॉलनीत मेश्रामांच्या शेजारी राहतात. रुचिता त्यांना मोठीआई म्हणते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलाच्या नोकरीच्या विम्यातून वीस दिवसांचा उपचार मंजूर झाला. अकरा दिवस त्या आल्या. मग भाचीच्या लग्नाला राजनांदगावला गेल्या, तिथे तापानं पडल्या आणि महिनाभर परतल्या नाहीत. जाण्याआधी सुशीलनं त्यांच्याकडून उरलेल्या नऊ चौकटींत सह्या घेतल्या होत्या. पोट्टीसाठी म्हणून त्यांनी हसत केल्या. त्या महिन्यात रुचितानं एकेक तारीख टाकत शेजारी आपलीही सही केली.

त्या परतल्या तेव्हा गुडघा आखडलेला होता. तो लवकर मोकळा केला नाही, तर पुढे वाकणार नाही, हे रुचिताला पहिल्याच स्पर्शात कळलं. आणि विमा कंपनीनं तर कळवलं होतं, वीस दिवस झाले, आता आणखी मिळणार नाहीत. त्या सह्यांचा आणि या नकाराचा काही संबंध असेल, हे कलावतीबाईंच्या ध्यानातच आलं नाही.

"हे विमेवाले खोटं बोलून राहिले वं रुचिता," त्या टेबलावर पडल्या पडल्या म्हणाल्या. "मी तर नांदगावले तापात पडली होती. तू फोन लाव त्याईले. तूच सांग, मी आली नव्हती म्हणून. तुझं ऐकतीन, तू डाक्टरीन हायेस."

रुचिता त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवू लागली.

"काहून बोलत नाहीस? जीभ घरी ठेवून आली का?"

"मोठीआई, पाय ढिला सोडा," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी ती बुढापाऱ्यात माझ्या घरी आली. फरशीकडे बघत सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मॅडम, विमा कंपनीले एक अर्ज लिहून द्या."

मी लिहिलं, 'नजरचुकीने सह्या झाल्या.' तिनं वाचलं.

"नजरचूक नव्हती मॅडम. मले माहीत होतं. तसंच लिहा."

"नोकरी जाईल, रुचिता. सगळं तुझ्या एकटीवर ढकलतील."

"हव. पण मोठीआईचे नऊ दिवस वापस भेटले पाहिजेत. आता भेटले तरच पाय वाकन."

मी तो कागद फाडून दुसरा घेतला. तिचं सगळं लिहून झाल्यावर खाली माझं नाव, पत्ता आणि न गेलेले चार दिवस लिहिले.

"तुमचं काहून लिहिता?"

"सही माझी आहे म्हणून."

तेव्हा ती रडली. मला तिच्याकडे बघवेना आणि तिलाही माझ्याकडे.

अर्ज पाठवण्याआधी तिनं तो कलावतीबाईंना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे विमेवाले खरे, अन् तू खोटी?"

"हव, मोठीआई."

"जाय घरी."

अर्ज गेला आणि आठवड्याभरात रुचिताची नोकरी गेली. कंपनीची चौकशी मात्र तीन महिने रेंगाळली. मग नऊ दिवस परत मिळाले. कलावतीबाईंनी ते दुसऱ्या क्लिनिकमध्ये घेतले, पण तोवर गुडघ्यानं आपली हद्द ठरवून टाकली होती. मधल्या काळात रुचिता त्यांच्या घरी व्यायाम करून द्यायला दोनदा गेली होती. दोन्ही वेळा सुनेनं दारातूनच परत पाठवलं.

आता ती शंकर नगरात घरोघरी जाऊन उपचार करते. जास्तीचे दिवस लिहून मागणारे तिथेही भेटतात. "एवढ्या खरेपणानं भात शिजते का, दीदी?" असं परवा एकानं विचारलं म्हणे. तिनं लिहून दिलं नाही. हे तिनं मला सांगितलं ते मान खालीच घालून, त्यात तिला फुशारकी वाटत नव्हती.

गेल्या रविवारी विहारात वंदना होती. मी गेले नव्हते, रुचितानं नंतर सांगितलं. सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या आणि कलावतीबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रुचितानं आतल्या खोलीतून खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली.

"बसल्या का मग?" मी विचारलं.

"बसल्या," रुचिता म्हणाली. "माझ्याकडे पाहिलं नाही."

पूर्ण वंदनाभर ती त्यांच्या पायांशी बसून होती. त्यांचा एक पाय खाली टेकलेला आणि दुसरा समोर ताठ.