उपाशीपोटीची साखर

"रातभर तं मी काईच खाल्लं नाई, मंग हे साखर आली कोठून वं?"

रिपोर्टचा कागद नाकाला टेकेल इतका जवळ धरून काकू हा प्रश्न विचारायच्या. प्रतापनगरातल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये मी रोज सकाळी सातला रक्त घ्यायला बसते. रिपोर्ट पाहून घाबरणारी, चिडणारी, मशीनच खराब आहे म्हणून भांडणारी माणसं नेहमीचीच. तुम्हीही पाहिली असतील, कदाचित घरातच. पण स्वतःच्या साखरेचं कुतूहल वाटणारं माणूस मी हे एकच पाहिलं.

काकू दोन गल्ल्या पलीकडे मेस चालवायच्या. कॉलेजच्या मुलांचे डबे, दोन्ही वेळच्या पोळ्या, सगळं एकहाती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. "पोळी भाजली का करपली, हे मी आता वासावरून ओळखून राहिली," असं त्या हसत सांगायच्या, पण पुढे ते हसणं कमी झालं. ऑपरेशन करायचं तर आधी साखर आटोक्यात आणा, विशेषतः उपाशीपोटीची, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. एकट्या बाईचे डोळे गेले तर मेस बंद, आणि मेस बंद तर सगळंच बंद.

कोणाकडून तरी ऐकून काकूंनी पोळी, भात आणि बटाटा एका दिवसात सोडला. दिवसभर पोळ्या लाटायच्या आणि स्वतः वांग्याची भाजी, दही, अंडी, जवसाची चटणी एवढ्यावर उठायचं. "पयले चार दिवस तव्यावरची पोळी पाहून रडू यायचं," त्या म्हणाल्या. "मंग सवय झाली."

पंधरा दिवसांनी त्यांची जेवणानंतरची साखर इतकी उतरली की रक्ताच्या नळीवरचं नाव मी दोनदा तपासलं. उपाशीपोटीची मात्र जागची हलली नव्हती. उलट किंचित वरच गेली होती. दुसरं कोणी असतं तर त्याच दुपारी ताटात भात वाढून घेतला असता. काकूंनी स्टूल पुढे ओढलं.

"आता मजा हाये. खाल्ल्यावर कमी आन् नाई खाल्ल्यावर जास्त. काहून?"

माझं काम रक्त काढण्यापुरतं. मग त्यांनी स्वतःच शोध सुरू केला. एक दिवस रात्री जेवल्याच नाहीत. सकाळी आकडा वाढलेला. एक दिवस संध्याकाळी सातच्या आतच जेवून कॉलनीच्या बागेला चार चकरा मारल्या. आकडा जरासा उतरला. घरच्या कॅलेंडरवर, आपल्याला दिसावं म्हणून, त्या स्केचपेनने हे आकडे मोठ्ठे लिहून ठेवायच्या. मलाही त्यात गंमत वाटायला लागली. त्या दारातून आत आल्या की मीच विचारायची, "काकू, काल काय केलं?"

एका दुपारी त्या जेवणानंतरचं रक्त द्यायला आल्या आणि बाकावर बसल्या त्या बसल्याच. कपाळावर घाम, हात थरथरणारे, बोलणं अडखळणारं. मी बोटाला टोचून पाहिलं. साखर भलतीच खाली गेली होती. धावत जाऊन ग्लासात ग्लुकोज कालवलं आणि घोट घोट पाजलं. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांची नजर जागेवर आली.

"काकू, गोळ्या घेता का?"

"घेते ना. दोन टाइम, पयल्यासारख्याच."

"आणि पोळी-भात सोडला, हे डॉक्टरांना सांगितलं?"

"त्याईले काहून सांगू? खाणं माझं, गोळ्या त्याईच्या."

मी त्यांच्यावर ओरडले. नंतर लाज वाटली. इतके दिवस आकड्यांची मजा पाहत बसले, पण गोळ्यांचं विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

त्याच दुपारी ऑटोत घालून त्यांना गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रागावले, एक गोळी बंद केली, दुसरी अर्ध्यावर आणली. मग काकूंनी उपाशीपोटीच्या साखरेचा तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. डॉक्टर म्हणाले, "शरीर पहाटे स्वतःच साखर सोडतं. उठायला ताकद हवी ना? ही साखर लिव्हर तयार करतं. जेवणातली पोळी कमी केली की जेवणानंतरची साखर आधी उतरते. ही सकाळची बहुतेक सगळ्यात शेवटी उतरते. धीर धरा, आणि मला न सांगता काही करू नका."

काकूंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे माझ्या पोटातबी मेस हाये! पोरं उठायच्या आधीच नाश्ता तयार!"

डॉक्टरसुद्धा हसले.

पुढे तीनेक महिने लागले. सकाळचा आकडा हळूहळू, रुसल्यासारखा उतरत गेला. अगदी चांगला नाही झाला, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना चालण्याइतका झाला. त्या दिवशी काकूंनी तो रिपोर्ट माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यावर त्या शेवटच्या आल्या. त्यांच्या लग्न झालेल्या मुलीने आता आईचं ऐकायचंच नाही असं ठरवलं होतं; रविवारी त्या कायमच्या कामठीला, तिच्याकडे जाणार होत्या. मेसची भांडी वाटूनही टाकली होती. त्यांनी काळा चष्मा काढला आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"अवं, तू तं लेकरूच हायेस! मी तुले माझ्या वयाची समजून बोलून राहिली होती."

रक्त घ्यायला मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला. त्यांनी आपला हात खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मनगटापासून कोपरापर्यंत तव्याचे, वाफेचे, तेलाचे डाग होते. काही जुने, काही अलीकडचे. पट्टा बांधताना ते मी दर खेपेला पाहत आले होते.

"हे इतके कवा झाले वं?" काकू म्हणाल्या, आणि एकेका डागावर बोट ठेवून नवलाने पाहत बसल्या. मी सुई हातात धरून थांबले.