कमीजास्त

तिला कॉलेजात खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. ती कमीजास्त. कुठल्याही दुकानात शिरली, की वस्तूला हात लावायच्या आधीच तिचं वाक्य तयार असे, "भावात काही कमीजास्त करा की." आता कमीजास्त म्हणजे कमीच, हे दुकानदारालाही कळतं आणि गिऱ्हाइकालाही. त्यातला 'जास्त' बिचारा नुसता सोबतीला आलेला. हे बाळकडू तिला आईकडून मिळालं होतं. मायलेकी बाजारात निघाल्या, की भाजीवाल्या म्हणे एकमेकींना डोळ्यांनी खुणा करत.

अशा पोरीला रास्त व्यापाराच्या चळवळीत खजिनदार केलं, हे एक तर फार शहाणपणाचं होतं, नाहीतर शुद्ध वेडेपणाचं. चळवळीचं म्हणणं अगदी साधं. चहा पिकवणारा असो की सदरा शिवणारी, ज्याच्या घामाचं मोल त्याच्याच हातात पुरतं पडलं पाहिजे. आसपासच्या गावांतल्या कॉलेजांची पोरं यंदा यांच्याकडे जमणार होती. सगळ्यांनी मिळून ठराव करायचा होता, की आपापल्या कँटीनमध्ये लहान मळेवाल्यांच्या संस्थेचाच चहा यायला हवा. एकट्या कॉलेजला कोण धूप घालतो? सगळी एकत्र आली तरच कँटीनवाले ऐकणार.

येणाऱ्या प्रत्येकाला कापडी पिशवी द्यायची ठरली, आणि ते काम कमीजास्तने अंगावर घेतलं. कॉलेजमागच्या गल्लीत दोघी जावा शिवणकाम करायच्या, समोरासमोर दोन मशिनं टाकून. थोरलीला सगळे मावशी म्हणत. कमीजास्तने तिच्यापुढे आपली सगळी कला ओतली. पलीकडचा याहून स्वस्तात देतो म्हणाली, पुढल्या वर्षीची मोठी ऑर्डर तुम्हालाच म्हणाली, आणि शेवटी हुकमाचं पान टाकलं. "राहू द्या मग," म्हणत पायऱ्या उतरली. हळूहळू, रेंगाळत. कोपरा यायच्या आत मावशीने हाक मारली. मारणारच होती. दिवस मंदीचे होते, आणि ते आमच्या बाईसाहेबांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

कमिटीत तिचं काय कौतुक झालं म्हणता! वाचलेल्या पैशांत स्टेजमागे भला थोरला फ्लेक्स लावायचं ठरलं, कमिटीतल्या एकूण एक चेहऱ्यासकट. दोघांनी तर त्यासाठी केसही कापून घेतले.

मेळाव्यात एक नाटुकलं करायचं होतं. दलाल मळेवाल्याला कसा नाडतो, ते. मळेवाला झाला कमिटीचा अध्यक्ष आणि दलाल कोण होणार ते वेगळं सांगायला नको. संवाद कोणी लिहिले नव्हते. तू आपली मनाने बोल, असं तालमीत तिला सांगितलं. ती बोलली. पलीकडचा स्वस्तात देतो. पुढल्या वर्षीची मोठी ऑर्डर तुम्हालाच. पोरं पोट धरून हसायला लागली. "राहू द्या मग," म्हणून ती वळली, आणि तिथेच खिळली. हे आपण कुठे पाठ केलं? कुठेच नाही. शब्दन् शब्द मावशीला ऐकवून झाला होता. तालीम अर्ध्यावर टाकून ती तडक गल्लीत गेली.

मावशी एकटीच शिवत होती. दुसऱ्या मशिनवर जुनी चादर टाकलेली. धाकट्या कुठे गेल्या, असं विचारल्यावर मावशीने दाताने दोरा तोडला आणि सांगितलं, की या भावात दोघींचं भागत नाही, जाऊ गेली कारखान्यात रोजावर. सांगताना रागावली नाही, टोमणा मारला नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर पोरीला बरं वाटलं असतं.

मग कमिटीत जुंपली. अध्यक्षाचं म्हणणं, मावशी राजीखुशीने तयार झाली, कोणी तिचा हात पिरगाळला नाही, झालेला सौदा आता कशाला उकरायचा?

"दलालही हेच म्हणतो," कमीजास्त म्हणाली.

फ्लेक्स रद्द करा, असंही तिनेच सुचवलं. केस कापलेल्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते, पण तोंड वर करून नाही कोण म्हणणार? मला या पोरीचं कौतुक वाटतं ते इथे. ज्या गोष्टीसाठी आठवडाभर पाठ थोपटून घेतली, तीच चार लोकांत चूक म्हणून मांडायची, याला जिगर लागते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मावशीच्या दारात.

"मावशी, भावात काही कमीजास्त करा."

मावशीचा पाय मशिनवर थांबला. "आता आणखी काय कमी करू गं?"

"कमी नाही. जास्त."

मावशीला वाटलं, पोरीला कीव आली. दिला शब्द तो दिला, मला भीक नको, म्हणाली. कमीजास्तने भाव वाढवून सांगितला. मावशीने नाही म्हणून मान हलवली. तिने आणखी वाढवला. मावशी म्हणाली, पहिलाच बरा आहे. असा उफराटा सौदा त्या गल्लीने कधी पाहिला नसेल. गिऱ्हाईक वर चढतंय आणि दुकानवाली खाली खेचतेय! शेवटी सवयीने पोरीच्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या मग." आणि ती पायऱ्या उतरली. हळूहळू, रेंगाळत. आता हाक येईल. कोपरा आला, तरी हाक येईना. मागे मशीन खडखडत राहिलं.

कोपऱ्यावर ती बराच वेळ उभी राहिली. मग परत फिरली. न बोलावता, जन्मात पहिल्यांदाच. आत येऊन धाकटीच्या रिकाम्या स्टुलावर बसली.

"मावशी, तुमचा भाव काय?"

हे तिने आजवर विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी भाव तिनेच सांगितला होता आणि आत्ताही तीच सांगत सुटली होती. मावशीने हातातली पिशवी उलटी करून शिवण पाहिली, मनाशी काही जुळवलं, जावेची मजुरीही धरली, आणि आकडा सांगितला. पोरीने सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. "चालेल," म्हणाली.

मेळाव्याला हॉल भरून गेला. स्टेजमागे नुसती भिंत होती, ती कोणाला खटकलीही नाही. चहाचा ठराव हात वर करकरून मंजूर झाला आणि शेवटी नाटुकलं सुरू झालं. दोघी जावा मागच्या रांगेत बसल्या होत्या. कमीजास्त दलाल म्हणून अशी रंगली, की खऱ्या दलालाने शिकवणी लावावी. "राहू द्या मग," म्हणत ती निघाली. मळेवाला झालेला अध्यक्ष ठरल्याप्रमाणे हाक मारायला तोंड उघडणार, तोच मागून मावशीचा आवाज आला.

"हाक मारू नकोस रे. येते ती परत."

हॉलमध्ये हशा पिकला. धाकटीने तर तोंडाला पदर लावला. कमीजास्त स्टेजच्या कडेला थांबली. मळेवाला परत बोलावतो आणि दलाल त्याला लुबाडतो, असं नाटकात ठरलं होतं. ते सगळं सोडून ती वळली, परत आली, आणि मळेवाल्यासमोर खाली बसली.

"तुमचा भाव काय?"

अध्यक्ष गडबडला. त्याला उत्तर पाठ नव्हतं.