परत न उघडलेली वॉर्निंग

विहिरीवरच्या मोटरीला हात लावण्याआधी माझे वडील, अण्णा, पेटीतले तिन्ही फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. टेंभुर्णीजवळच्या आमच्या मळ्यात लहानपणापासून मी हेच बघत आले. कितीही घाई असो, फ्यूज खिशातच. "लाइट कुणाची सोयरी न्हाई," म्हणायचे.

मी शिकून जालन्यात मोटर स्टार्टर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागले. मोटर आपोआप चालू-बंद करणारा डबा आमचा, त्यातल्या चिपचा प्रोग्राम माझा. पहिल्या खेपेतला एक डबा मी हौसेने अण्णांच्या विहिरीवर बसवला.

प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवताना ते काम करणारं सॉफ्टवेअर, कंपायलर, सारख्या शंका काढतो. त्या वॉर्निंग. चिपसोबत आलेली एक फाइल जोडली की एकाच प्रकारच्या ढीगभर वॉर्निंग यायच्या, सगळ्या निरुपद्रवी. त्यांना गप्प करायला फाइलच्या वर एक ओळ लिहायची, 'ही वॉर्निंग दाखवू नको', आणि खाली दुसरी, 'आता परत दाखव'. मी पहिली लिहिली. दुसरी राहिली. स्क्रीन स्वच्छ झाली आणि मी स्वतःवरच खूश. त्याखाली मी लिहिलेल्या सगळ्या कोडबद्दलही कंपायलर गप्प बसला होता, हे माझ्या गावीही नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी कुंभार पिंपळगावहून गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, काल हातानं बंद केल्ती मोटर. आज आपोआप सुरू झाली."

कारखान्याचे मालक, आमचे सर, म्हणाले, कुणीतरी बटण दाबलं असेल. मलाही तेच सोयीचं होतं, पण मन खात होतं. फाइल चाळली, राहिलेली ओळ सापडली, ती लिहून पुन्हा चालवलं. एक वॉर्निंग आली. चूक माझ्याच ओळीत होती.

मग कळलं घोडं कुठे पेंड खात होतं ते. हाताने बंद केलेली मोटर डब्याने स्वतःहून कधीच चालू करू नये, म्हणून थांबायच्या वेळेत मी उणे एक लिहिलं होतं. पण ज्या आकड्याशी ते ताडायचं, त्याला उणे कळतच नव्हतं. तिथे उणे एकचे पासष्ट हजार पाचशे पस्तीस सेकंद होत होते. म्हणजे अठरा तास बारा मिनिटं. तेवढी उलटली की मोटर सुरू.

आणि मला अण्णांच्या विहिरीवरचा डबा आठवला. आदल्या संध्याकाळी अण्णा फोनवर म्हणाले होते, "पाच वाजता बंद केली मोटर. ग्लँडमधून पाणी गळून राह्यलं. उद्या दोरी बदलतो." ग्लँडमध्ये दांड्याभोवती पाणी अडवायला दोरी भरलेली असते; ती बदलायची म्हणजे मोटरीच्या दांड्याला खेटून बोटं घालायची. पाचमध्ये अठरा तास बारा मिनिटं मिळवली. अकरा वाजून बारा मिनिटं. घड्याळात दहा पंचावन्न झाले होते, आणि शेतीची लाइट त्या आठवड्यात दिवसाची होती.

अण्णांचा फोन आईने उचलला. "फोन चार्जिंगला हाय. ते मळ्यात गेले."

"आई, पळ. आधी तिन्ही फ्यूज काढ."

"ते काढतेत की बराबर..."

"पळ गं! फोन सोबत घे."

मळा घरापासून दहा मिनिटांवर. त्यात आईचे गुडघे दुखरे. अण्णांनी फ्यूज काढले असतील, आयुष्यभर काढलेत, असं मी स्वतःला बजावत होते, तरी घड्याळावरची नजर हटत नव्हती. सरांनी काही विचारलं, मी त्यांच्यावर ओरडले. अकरा दहा झाले. अकरा बारा झाले. देवाला मी इतकं कधी विनवलं नव्हतं.

अकरा सोळाला फोन आला. आईला धाप लागली होती. "आल्या आल्या काढले फ्यूज, मंग दम घेऊन फोन लावला. त्यायचा हात आतच होता."

मग अण्णा बोलले. "काय झालं बाई?"

"अण्णा, तुम्ही फ्यूज का नव्हते काढले?"

"तुझा डबा बसल्यापासून न्हाई काढत. तू बनवला ना, मंग भ्यायचं कशाला?"

मला रडू आवरेना. रडतच सगळं सांगितलं. नंतर दुपारभर मी आणि सर एकेका गिऱ्हाइकाला फोन करून फ्यूज काढायला सांगत होतो.

रविवारी दुरुस्त केलेली चिप घेऊन मळ्यात गेले. डब्याचा स्क्रू फिरवणार, तोच अण्णा म्हणाले, "थांब." तिन्ही फ्यूज काढून त्यांनी खिशात टाकले. "आता लाव हात." मला हायसं वाटलं आणि तितकंच वाईटही. माझं काम होईपर्यंत ते खिशावर हात ठेवून उभे होते.