दार, स्पीकर आणि मधली रिंग

"दार कापायचं नाही, ताई. मध्ये रिंग टाकू," स्पीकर बसवणारे काका म्हणाले.

आमच्या जुन्या गाडीच्या दारातलं भोक लांबट होतं आणि मी हौसेनं आणलेला स्पीकर गोल. दोघांपैकी एकाला कापावंच लागणार, असं मी धरून चालले होते. काकांनी काळ्या प्लास्टिकची रिंग काढली. तिची एक बाजू दाराच्या मापाची होती, दुसरी स्पीकरच्या. स्क्रू आवळले, आणि दोघं आपापला आकार न सोडता एकमेकांना धरून बसले.

मी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्या गावाहून कायमच्या आमच्याकडे आल्यापासून आम्ही दोघी एकमेकींना आपल्या मापात बसवायला कानस लावत होतो. मध्ये काही बसवता येईल, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"वाजवून बघा," काका म्हणाले.

नव्या वस्तूवर पहिलं गाणं देवाचंच, हा सासूबाईंचा नियम. त्यावरून आजही आमचं वाजणार, असं मला वाटलं. पण मी आधी त्यांची आरती लावली. आरती संपेपर्यंत त्यांनी हात जोडलेले होते. मग म्हणाल्या, "देवाचं झालं. आता तू गाडीत एकटी असताना काय ऐकतेस, ते लाव."