पुजेतली पक्कड

कोल्हापुरात जुन्या ट्रकांची वायरिंग करणारा आकाराम कायम खिशात पक्कड घालून हिंडतो. देवळात, लग्नात, अगदी मयतीलासुद्धा. आधी लोक हसायचे. आता हसत नाहीत.

महायुद्धानंतर लष्करानं मोडीत काढलेला एक ट्रक त्याचा धाकटा भाऊ कृष्णात चालवायचा. इंजिन ब्रेकच्या टाकीतली हवा ओढून घेई आणि त्या ओढीवर ब्रेक लागत. पण इंजिनापासनं टाकीपर्यंतची रबरी नळी म्हातारी. ती भेगाळली तर ओढ संपायची, आणि हे पायाला कळायचं ते थेट उतारावर. म्हणून आकारामनं टाकीवर बझर बसवला. ओढ कमी झाली की आतल्या पितळी पट्ट्या चिकटायच्या आणि तो किंचाळायचा. घरात त्याला सगळे भुंगा म्हणत.

"भुंगा वरडला की फुडं जायचं न्हाय. चाकाला दगड लाव, नळी बघ."

"व्हय की. बायकूचं ऐकत न्हाय, पर तुज्या भुंग्याचं ऐकतो," कृष्णात म्हणायचा.

त्रेपन्न सालची खंडेनवमी. ट्रक धुतला, झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबं ठेवली. कृष्णातनं इंजिन चालू केलं. टाकीत अजून ओढ धरली नव्हती, त्यामुळं भुंगा ओरडला. त्यांची आई धोंडुबाई, तिच्या हातातलं आरतीचं ताट हललं.

"आरं, पुजंच्या टायमाला गाडी रडाय लागली! गप कर तिला, आकाऱ्या."

आकारामनं नट सैल करून वायर काढली. मग पक्कड पुसून पाटावर बाकीच्या हत्यारांत ठेवली. आईनं हळदकुंकू वाहिलं. पुजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नसतं.

जेवणं होताहेत तोवर व्यापाऱ्याचा माणूस दारात. गगनबावड्याचा घाट उतरून नारळ आणायचे होते, आजच्या आज. आकाराम पाटाकडं वळला.

"हात लावू नगंस. वर्साचा सण हाय."

"वायर जोडायचीय, आय."

"मग हातानं जोड की. तुजी बोटं काय पक्कडीपरास कमी हाईत व्हय?"

त्यानं वायर गुंडाळली, बोटांनी नट पिळला. चावी फिरवली. भुंगा ओरडला. आकारामचं समाधान झालं.

"दादा, रडली बग. जाऊ आता?" म्हणून कृष्णात हसला, आणि गेला.

घाटातल्या खड्ड्यांनी तो नट हळूहळू सुटत गेला असावा. नळी फुटली तेव्हा भुंगा गप्प होता, आणि ट्रक कृष्णातला घेऊन दरीत गेला. दरीतनं ट्रक वर काढला, तर वायर लोंबत होती. आकारामनं तिचं टोक हातात धरलं.

आईनं त्याला कधी बोल लावला नाही, त्यानं आईला लावला नाही. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं मात्र बघत नव्हती.

पुढल्या नवमीला आकारामनं पाटावर हत्यारं मांडली. पक्कडही मांडली. धोंडुबाई कुंकू लावत लावत आली आणि पक्कडीपाशी थांबली. बोट पदराला पुसलं. पक्कड उचलून तिनं त्याच्या खिशात घातली.

"ही नगं बसवूस," ती म्हणाली. "आज बी कुणाचं तरी लेकरू घाटात जाणार आसंल."