कोंबड्याच्या छातीवरची पट्टी

जिवंत कोंबड्याच्या छातीला मी माणसासारखी पट्टी बांधली आणि तो गुदमरून मेला.

निजामी राजवट संपत आली होती. मी तेव्हा औशाच्या सरकारी दवाखान्यात कंपौंडर होतो. छातीचं हाड मला उर्दूतून तोंडपाठ. कट्यारीसारखं चपटं, दोन्ही अंगांना फासळ्या, मागं काळीज. फासळी मोडली की छाती आवळायची. छाती-पोटामधला पडदा हलतो, माणूस पोटानं श्वास घेत राहतो. एवढ्या भांडवलावर मी गावभर मिरवत असे.

एका दुपारी लातूरच्या वाटेवर टांगा हाकणारा एक म्हातारा कोंबडा घेऊन आला. बाभळीच्या कुंपणात अडकून छातीची कातडी फाटलेली. म्हाताऱ्याला दुसरं कुणी नव्हतं; कोंबडाच टांग्यात त्याच्याशेजारी बसून यायचा. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर. गुरांच्या डॉक्टरकडं जा, एवढंच मी म्हणायचं होतं. मी पट्टी काढली.

आमच्या घरी अंड्याचं नाव काढलं तरी आई चूळ भरायला लावायची; कोंबडी मी कधी हाताळलीच नव्हती. त्यामुळं छातीच्या मधोमध नांगराच्या फाळासारखी कड हाताला लागली, तेव्हा हाड मोडून वर आलंय असं मी ठरवलं. ते दाबून चार वेढे घट्ट आवळले.

कोंबड्यानं चोच वासली. तुरा निळा पडू लागला. तहान लागली असेल म्हणून पाणी पाजलं. पुठ्ठ्यानं वारा घातला. पट्टी सैल झाली असेल म्हणून आणखी एक वेढा दिला. म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत होता, मी कोंबड्याच्या.

दवाखाना झाडणारी बाई आत आली नि तिनं मला बाजूला सारून पट्टी कापली. उशीर झाला होता. मान तिच्या हातावर कलंडली. ती कड प्रत्येक कोंबडीला असते, उडायचं मांस तिलाच धरून असतं, हे तिनंच सांगितलं. बाकीचं डॉक्टरसाहेबांनी परतल्यावर ऐकवलं. पाखराला आपल्यासारखा पडदा नसतो; छातीचं हाडच खाली-वर होतं, तेव्हा कुठं श्वास. नेमकं तेच मी जखडून ठेवलं होतं.

त्या दुपारी म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं पटका सोडला, कोंबडा त्यात गुंडाळला. मी कापलेली पट्टी गोळा करू लागलो.

दारात तो थांबला.

"कंपौंडरसाब, तुमी जिंदगीत कोंबडी कापली न्हाई, खाल्ली न्हाई. मंग हात लावलाच कशाला?"