वसई कोर्टातली पहिली फी
सुकेळ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या उन्हात सुकवलेल्या केळ्यांचा, गोडसर वास आला की मला वसई कोर्टाचा व्हरांडा आठवतो. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. लंडनच्या एका कॉलेजने मला कायद्याच्या पदवीसाठी शिष्यवृत्तीसकट प्रवेश दिला होता, आणि मुंबईच्या कॉलेजचा फॉर्मही घरी पडून होता. करिअरसाठी कोणती पदवी बरी, हे विचारायला बाबा मला त्यांच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे घेऊन आले होते. बाईंची आत सुनावणी चालू होती. बाकावर शेजारी बसलेल्या जवळच्या पापडी गावच्या एका मावशींनी माझ्या हातात कोर्टाचा कागद दिला. “पोरी, वाच जरा. माझी वाडी जाते का काय?” मी तो दोनदा वाचला. “नाही मावशी, फक्त पुढची तारीख दिलीय.” त्यांचा चेहरा सैलावला. टोपलीतली सुकेळी माझ्या ओंजळीत ठेवत त्या म्हणाल्या, “ही तुजी फी.” सुनावणी आटपून आलेल्या वकीलबाई दारातून हे बघत होत्या. “लंडनच्या पदवीला मोठ्या कंपन्यांत मान आहे,” त्या म्हणाल्या, “पण तुला बसायचंय कुठे, ते आधी ठरव.” तोंडातलं सुकेळं गिळून मी म्हटलं, “इथेच.” हसू लपवायला बाबा चष्मा पुसू लागले. गेली कित्येक वर्षं मी त्याच कोर्टात वकिली करते. लंडन मात्र मागच्या वर्षी आठवडाभर फिरून आले, आणि मनापासून आवडलं.